अर्ध्या काजाचा चहा

सकाळी पेल्यावरचं झाकण उचललं की शहाजादी आधी आत डोकावायची नाही. वाफेनं ओलं झालेलं झाकण उलटं करून नाकाशी धरायची, डोळे मिटायची आणि एक लांब श्वास घ्यायची. थोडं थांबून दुसरा. चहा ओतायचा तो त्यानंतर. तोवर तिच्याशी कुणी बोललेलं तिला चालत नसे. तिचा नवरा लालमियाँ तेव्हा शिलाईचं मशीन पुसत बसलेला असायचा. कितीही घाई असली तरी तो चाक फिरवायचा नाही. झाकण खाली ठेवल्याचा बारीकसा आवाज आला की त्यांच्या घरचा दिवस सुरू व्हायचा.

भोकरदनला बाजाराच्या वाटेवर त्यांचं दोन खणांचं घर होतं. पुढच्या खणात लालमियाँचं दुकान, मागच्यात चूल, संदूक आणि शहाजादी. मध्ये गोणपाटाचा पडदा. लालमियाँ सदरे, बंड्या शिवायचा, कुणाच्या लग्नाला एखादी शेरवानीही. काजं, बटणं आणि तुरपाई शहाजादीकडे. गावात तिचा चेहरा फार थोड्यांनी पाहिला होता, पण तिची काजं अर्ध्या गावाच्या छातीवर होती. मूलबाळ नव्हतं. 

त्यांच्या परसाला लागून दुर्गाबाईचं घर. माळवं पिकवणारं शेतकरी कुटुंब, आणि दुर्गाबाई तेव्हा नुकती दोन लेकरांची आई झालेली. ही दुर्गाबाई म्हणजे माझ्या आईची आत्या, आणि हे सारं तिनं सांगितलेलं. लालमियाँच्या घरात दखनी बोलत, पण दुर्गाबाई त्यांचं बोलणंही आपल्याच बोलीत सांगायची. इथंही ते तसंच आलं आहे.

त्या काळात मोगलाईतल्या, म्हणजे निजामाच्या मुलखातल्या खेड्यापाड्यात चहा रोजचा नव्हता. पडसं झालं, पाहुणा आला, तर चुरा आणि गूळ एकत्र उकळायचे, दूध असलं तर टाकायचं. शहाजादीचा चहा मात्र वेगळा होता. तो तिच्याकडे सायकलवरून आला.

थंडीत, ज्वारी हुरड्यात आली की एक चिनी कापडवाला गावात यायचा. जालन्याला रेल्वेतून उतरायचा आणि रेशमाचं गाठोडं सायकलला बांधून गावोगाव फिरायचा. करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या नाक्यावर दर वेळी ते गाठोडं सोडायला लावत. तो न बोलता सोडायचा आणि न बोलता पुन्हा बांधायचा. त्याचं नाव ली. गाव त्याला चिनीभाई म्हणे. रेशीम शिवताना सुई कशी धरायची हे जाणणारा शिंपी भोकरदनात एकच, म्हणून त्याची लालमियाँशी ओळख झाली. मग तो मुक्कामाला त्यांच्याच ओसरीवर राहू लागला. जाताना भाड्यापोटी चहाचा एक डबा ठेवून जायचा.

पहिल्या वर्षी त्यानं ओसरीवर बसून चहा केला तेव्हा लालमियाँ पाहुणचार म्हणून गुळाचा खडा घेऊन आला. लीनं पेल्यावर हात ठेवला. लालमियाँला वाटलं, कमी पडला. त्यानं आणखी मोठा खडा आणला. लीनं दोन्ही हात ठेवले. पडद्याआड शहाजादी हसली, आणि ते हसू बाहेर ऐकू गेलं.

गोणपाटाच्या पडद्यातून बाहेरच्याला आतलं दिसत नाही, पण आतल्याला बाहेरचं नीट दिसतं. शहाजादीनं लीच्या समोर कधी पाऊल ठेवलं नाही. तिनं त्याचे फक्त हात पाहिले. आधी तो रिकामा पेला गरम पाण्यानं विसळायचा. मग चिमूटभर पत्ती. ती चुऱ्यासारखी नव्हे, काळसर हिरवी, वळलेली, वाळलेल्या सुरवंटासारखी. तिच्यावर पाणी ओतून ते पहिलं पाणी तो लगेच टाकून द्यायचा. दुसऱ्यांदा पाणी ओतायचा आणि झाकण ठेवायचा. मग बसून राहायचा, मांडीवर हात ठेवून, रस्त्याकडे बघत.

किती वेळ बसायचं, हे घड्याळाशिवाय कसं कळावं? शहाजादी त्या वेळी काज करत होती. तिच्या ध्यानात आलं की कापडाला चीर देऊन आपण काज विणायला घेतो, अर्ध्यावर येतो आणि हा पेला उचलतो. दुसऱ्या ओतण्याला अर्ध्याहून थोडं जास्त. तिसऱ्याला पूर्ण एक. ली निघून गेल्यावर तिनं तसंच केलं, आणि तसंच झालं. एकदा शेरवानीचं काज हातात होतं, जाड कापड, दुहेरी अस्तर. चहा कडू झाला.

"चिनीभाई गेला अन् त्याचा चहा रुसला काय?" लालमियाँनं तोंड वाकडं केलं.

"तुमच्या शेरवानीमुळं झालं. हा सदऱ्याचा चहा हाय."

पाणी ती इस्त्रीतल्या निखाऱ्यांवर तापवायची. कपड्यांवरून इस्त्री फिरवून झाली की निखारे शेगडीत रिकामे व्हायचे, त्यांचा जोर उतरलेला असायचा, आणि तेवढाच ताव ह्या चहाला पुरत होता. पण घराजवळच्या विहिरीचं पाणी जड होतं. त्यानं पेल्यावर तवंग यायचा आणि वास दबून जायचा. तो प्रश्न दुर्गाबाईनं सोडवला. ती रोज पहाटे केळणा नदीच्या पात्रात वाळू उकरून झऱ्याचं पाणी आणायची. परतताना शहाजादीच्या तपेल्यात घागर न टेकवता वरून धार धरायची, आणि रिकाम्या घागरीसह तिथंच उभी राहायची.

"घ्या ना घोटभर," शहाजादी दर वेळी म्हणायची.

"न्हाई बाई. आमच्या सासूला कळलं तर मला गोठ्यात जेवायला बसवंल."

"मंग उभ्या कशाला?"

"झाकण द्या की इकडं. वास घ्यायला कुणाची बंदी न्हाई."

मग झाकण आधी शहाजादीच्या नाकाशी जायचं, मग दुर्गाबाईच्या. पेल्याला दुर्गाबाईनं कधी ओठ लावले नाहीत. पण वासाचं ती वर्षानुवर्षं सांगत राहिली. पिण्याच्या पहिल्या पाण्याला संध्याकाळी उमलणारी जाई, दुसऱ्याला ओला चाफा, आणि पत्ती थकली की हुरड्याच्या आगटीवरून वारा यावा तसा काहीतरी. रंग करडईच्या तेलासारखा. डब्यातल्या पत्तीत फुलाची पाकळी सापडते का, हे दोघींनी एकदा सुपात पसरून पाहिलं होतं. एकही सापडली नाही. लालमियाँनं लीला खुणेनं विचारलं, फूल कुठाय? लीनं एक वळलेलं पान उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याच्यापाशी तेवढंच उत्तर होतं.

शहाजादीला दुसरा शौक नव्हता. विड्याचं पान ती खात नसे, अत्तर लावत नसे, सणासुदीला बांगड्या भरल्या तरी पंधरवड्यात काढून ठेवायची, काजाच्या दोऱ्यात अडकतात म्हणून. दिवसातून एकदा तो पेला, आणि त्यातली पत्ती संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा. लालमियाँ चिडवायचा, "ह्या पानांत काय हाय ते मला कधी कळलं न्हाई. पाणी पिऊन बाई खूष. मला सस्त्यात पडली."

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या थंडीत ली आला तो वाळलेला दिसत होता. मोडक्यातोडक्या हिंदुस्तानीत त्यानं सांगितलं की त्याच्या मुलखात जपानी घुसले आहेत, घर कुठं आहे ते त्याला माहीत नाही. जाताना त्यानं एकाऐवजी दोन डबे ठेवले. पत्र्याचे डबे, झाकणाच्या कडेला लाख ओतून बंद केलेले, वर लांब मोकळ्या केसांची एक बाई आणि तिच्या हातात फुलांची फांदी. लालमियाँनं विचारलं, दोन कशाला? लीनं पडद्याकडे बोट केलं आणि सायकल उचलली.

पुढच्या थंडीत तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शहाजादीनं एक डबा पुरवून पुरवून वापरला, रोजच्याऐवजी जुम्म्याला, आणि दुसऱ्याची लाख तशीच ठेवली. सकाळी कधी पेला रिकामाच असायचा. तरी ती झाकण उचलून नाकाशी धरायची. जुना वास त्यात मुरला आहे, असं तिचं म्हणणं.

तिसऱ्या वर्षी पावसाळा उतरताना तिला ताप भरला. हकीमसाहेबांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि मुदतीचा ताप म्हणून सांगितलं. "दवा मी देतो. पण दवेपेक्षा पेज पोटात राहिली पाहिजे. पेज राहिली तर बाई राहील," असं ते लालमियाँला ओसरीवर म्हणाले. पडद्यातून ते तिला ऐकू गेलं.

पेज राहात नव्हती. तांदळाची, ज्वारीची, साबुदाण्याची, काही दिलं तरी ते परत यायचं. तोंडाला कडू साय चढली होती. पाण्याचाही वास येतो म्हणून ती मान फिरवायची. आठवड्याभरात तिच्या मनगटांची हाडं वर आली. तेव्हा लालमियाँनं स्वतःच्या मनानं दुसऱ्या डब्याची लाख कातरीच्या टोकानं फोडली. चहा करणं त्याला येत नव्हतं. ती पडल्या पडल्या सांगत होती.

"पहिलं पाणी टाका. टाकलं? आता ओता. झाकण."

"किती वेळ?"

तिच्या हातात सुई नव्हती. तिनं दोन बोटं चिमटीत धरून हवेत काज विणायला सुरुवात केली. अर्ध्यावर थांबली. "हां."

त्यानं झाकण तिच्या नाकाशी नेलं. तिनं डोळे मिटले. मग दोन घोट घेतले आणि बराच वेळ पडून राहिली. आणि मग तिनं आपणहून पेज मागितली. अर्धी वाटी पेज पोटात राहिली.

त्या दिवसापासून घराचा सगळा हिशेब त्या डब्यावर आला. आधी चहा, मग पेज. चहा नसला तर पेज उलटायची. लालमियाँनं करून पाहिलं होतं. बाजारचा चुरा उकळून दिला, तिनं वास घेऊनच पेला दूर केला. बडीशेप झाली, वेलदोडा झाला, लिंबाची फोड झाली. असं का, हे हकीमसाहेबांनाही सांगता येईना. "जे चालतं ते चालू द्या," ते म्हणाले. लालमियाँ सकाळी एक चिमूट पत्ती घालायचा आणि तीच पानं दिवसभर पुन्हा पुन्हा भिजवायचा. पेल्यात ती पानं उलगडून बोटाएवढी दिसायची. पाचव्या-सहाव्या पाण्याला नुसता रंग उरायचा, पण तेवढ्यावरही तीन-चार चमचे पेज जायची.

डबा अर्ध्याखाली गेला तेव्हा तो जालन्याला गेला. सगळा बाजार फिरला. किराणा, अत्तरवाले, स्टेशनजवळची हॉटेलं. एका दुकानात त्यानं चहाचे सगळे डबे उघडायला लावले आणि एकेकात नाक घातलं.

"मियाँ, नाकानं खरेदी करून राह्यले का?" दुकानदार म्हणाला.

"चिनी चहा पाहिजे. फुलाच्या वासाचा. फूल न घातलेला."

"फूल न घातलेला फुलाच्या वासाचा." दुकानदारानं शेजारच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. "चीनमधी आग लागलीय मियाँ, माहीत हाय का? चहा सोडा, तिकडून माणूस येईना. मुंबईला बघा. कलकत्त्याला बघा."

मुंबईला कुणाला विचारणार? लालमियाँ जालना-अंबडपलीकडे कधी गेला नव्हता. चिनी फेरीवाले कुठं उतरतात, हे त्यानं स्टेशनवर हमालांना विचारलं. एकानं सांगितलं, ते आता दिसत न्हाईत. दुसरा म्हणाला, कलकत्त्याकडं गेलेत. तो बाकड्यावर बसून राहिला आणि संध्याकाळच्या मोटारीनं परत आला. परकराच्या कापडाचा एक तुकडा तेवढा त्यानं आणला होता. 

मग त्याची धाकटी बहीण गौहर आली. अंबडकडे दिलेली, विधवा, कामाला दांडगी, बोलायला त्याहून दांडगी. तिनं दोन दिवसांत घर सारवून काढलं, अंथरुणं उन्हात टाकली, लालमियाँला चुलीपासून हाकललं. फक्त चहाचं तेवढं काम त्याच्याकडे राहिलं. गौहरला तो चहा आहे हेच माहीत नव्हतं. पेल्यात ओली, पसरलेली हिरवी पानं ती बघायची आणि हकीमाचा काढा समजायची. "भाई त्याच्या हातानं पाजतो, पाजू द्या," असं ती दुर्गाबाईला म्हणाली. डबा संदुकीवरच्या कोनाड्यात होता. तो तिच्यासमोर कुणी उघडला नव्हता, कारण लालमियाँ पहाटे, ती उठायच्या आधी, त्या दिवसाची चिमूट काढून पेल्यात घालून ठेवायचा.

गौहर आली त्याच आठवड्यात ताप उतरला. एक दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस अंग गार. शहाजादी भिंतीला टेकून बसू लागली. अर्धी वाटी पेज आणि वर मऊ भाताचे घास. हकीमसाहेबांनी मान डोलावली. न्हाऊ घालायला हरकत नाही म्हणाले.

दुखण्यातून उठलेल्या माणसाचं पहिलं न्हाणं त्यांच्याकडे साधं नसतं. गुस्ल-ए-सेहत म्हणतात. सुवासिक पाणी, नवे कपडे, शेजारीपाजारी गोड वाटणं. गौहरनं ते मनावर घेतलं. तिला भावजयीची फार माया होती. महिनाभराच्या तापानं शहाजादीच्या केसांच्या जटा झाल्या होत्या, त्यांना घामाचा, औषधाचा वास येत होता. गौहरनं शिकेकाई कुटायला घेतली. रिठे, संत्र्याची वाळली साल, थोडा नागरमोथा. आणखी काही सुवासिक मिळतं का म्हणून तिनं कोनाडे धुंडाळले. तिथं तिला तो डबा दिसला. वरती लांब मोकळ्या केसांची बाई, हातात फुलं. झाकण उघडलं तर वाळलेलं, वळलेलं काहीतरी, आणि चाफ्याचा वास. केसांना लावायच्या वस्तूच्या डब्यावर याहून वेगळं काय रंगवणार? भावानं बायकोसाठी शहरातून आणून जपून ठेवलंय, असंच तिला वाटलं. तिनं डबा उपडा केला आणि उरलेली सगळी पत्ती शिकेकाईबरोबर बारीक कुटली.

दुर्गाबाई त्या सकाळी पाणी तापवायला मदतीला होती. न्हाणीत पाट मांडला, शहाजादीला धरून बसवली. गौहरनं भुकटी पाण्यात कालवली आणि तिच्या डोक्यावर ओतली. वाफ वर आली.

शहाजादीनं मान वर केली. डोळ्यांत शिकेकाई जाईल म्हणून गौहरनं तिचं डोकं खाली दाबलं. पण तिनं पुन्हा वर केलं, आणि दुर्गाबाईकडे पाहिलं. दुर्गाबाईला त्याच क्षणी वास आला. पहिल्या पाण्याचा. जाईचा.

"भाबी, कसा वास हाय?" गौहर केस चोळत विचारत होती. "नवरी दिसशील आज. भाईनं चांगली चीज लपवून ठेवली होती, मी सोडते का?"

दुर्गाबाईनं तोंड उघडलं. शहाजादीनं ओल्या हातानं तिच्या पदराला धरलं आणि मान हलवली. मग गौहरला म्हणाली, "चांगला हाय. आणखी एक तांब्या टाक."

लालमियाँला दुपारी कळलं. न्हाण्याच्या दिवशी तिला ताजा पेला द्यावा म्हणून त्यानं पुन्हा डबा उचलला तर तो हाताला हलका लागला. त्यानं उघडून पाहिलं, तळाशी बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. मग परसात गेला. तिथं गौहर उरलेली शिकेकाई वाळत घालत होती. दुर्गाबाई सांगायची, असा चेहरा तिनं पुन्हा कुणाचा पाहिला नाही. तो ओरडणार होता. पण आतून शहाजादीनं हाक मारली, आणि तो वळला.

"काय बोलू नका तिला."

"तुला माहीत हाय ती काय करून बसलीय?"

"माझ्याच डोक्यावर ओतलंय. मला न्हाई तर कुणाला माहीत?" ती उशीला टेकून बसली होती, ओले केस पाठीवर मोकळे. "तिनं मायेनं केलं. तिला कळलं तर ती जल्मभर सोताला खाईल. तुम्ही चूप बसा. माझी आण हाय."

तो गप्प बसला. पण हातांना गप्प बसता येईना. गौहर बाजाराला गेली तेव्हा त्यानं उरलेली शिकेकाई परसातून आणली, मलमलीचा तुकडा घेतला आणि भुकटी चाळायला बसला. शिकेकाई तपकिरी, पत्ती काळसर हिरवी. चाळून, फुंकून, चिमट्यानं वेचून त्यानं नखाएवढी ढिगली जमवली. सुईत दोरा ओवणारी त्याची नजर होती, तरीही तेवढीच. पाणी तापवलं, ओतलं. पेल्यात फेस आला.

शहाजादी बघत होती. "शिकेकाई पाजता काय मला? पोटातले केस धुवायचे हाईत का?"

ती हसली. त्याला हसता आलं नाही. त्यानं पेला परसात रिकामा केला आणि तिथंच तोंड धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं.

दोन दिवस केसांना वास राहिला. ती वेणीचं टोक नाकाशी धरून पेज प्यायची, आणि थोडी पेज राहिलीही. गौहरला वाटायचं, काय कौतुक करते माझ्या शिकेकाईचं. तिसऱ्या दिवशी वेणीला फक्त केसांचा वास होता. पेज उलटली. त्या संध्याकाळी अंग पुन्हा तापलं.

न्हाऊ घातल्यानं ताप उलटला, असं गल्लीत बायका म्हणू लागल्या. गौहरच्याही कानावर गेलं. ती चुलीपुढे बसून रडली. लालमियाँ तिला म्हणाला, "हकीमसाहेबांनी सांगितल्यावर घातलं ना? मंग? हा ताप असाच असतो, जाऊन येतो." त्याला माहीत होतं ते त्यानं सांगितलं नाही, आणि जे सांगितलं ते खरं होतं की नाही, हे त्याला माहीत नव्हतं.

दुर्गाबाईनं आपल्यापरीनं एक केलं. बाजारातून त्यातल्या त्यात बरी पत्ती आणली, एका वाडग्यात पत्तीचा थर, त्यावर जाईच्या कळ्या, पुन्हा पत्ती, असं भरून वर ताटली झाकली आणि रातभर ठेवलं. सकाळी फुलं वेचून काढली, झऱ्याचं ताजं पाणी आणलं, आणि सासूची पर्वा न करता पडद्याच्या आत जाऊन स्वतःच्या हातानं चहा केला. काज येत नव्हतं, म्हणून अंदाजानं. झाकण शहाजादीच्या नाकाशी नेलं.

शहाजादीनं श्वास घेतला. तिचे ओठ फाटले होते, बोलायला वेळ लागला. "दुर्गाबाई, तुमच्या जाईला घाम आलाय."

दुर्गाबाईला हसू आलं आणि रडूही. तरी शहाजादीनं तिचं मन राखायला दोन घोट घेतले. ते राहिले नाहीत.

मग करण्यासारखं काही उरलं नाही. हकीमसाहेब यायचे, नाडी धरून बसायचे, पुडी बदलून जायचे. लालमियाँनं दुकान बंद ठेवलं नाही, कारण मशीनचा आवाज बंद झाला की ती डोळे उघडून विचारायची, काय झालं? म्हणून तो कापड नसतानाही चिंध्यांवर सरळ टाके मारत बसायचा. रस्त्यावरून सायकल गेली की त्याचा पाय थांबायचा. पडद्याआडून तिच्या ते लक्षात यायचं. 

ती जेवत नव्हती, म्हणून तोही जेवायचा टाळू लागला. गौहरनं ताट वाढलं की म्हणायचा, मशीनवरचं उरकून घेतो, आणि ताट तसंच झाकून राहायचं. हे शहाजादीला कळलं तेव्हा तिनं त्याचं ताट आपल्या बाजेजवळ आणायला लावलं. तो समोर मांडी घालून बसला. भाकरी, वरण, कांदा. दुर्गाबाई दारात पाण्याची घागर घेऊन उभी होती. त्या दुपारनंतर ताप डोक्यात गेला आणि ती गेली तोवर तिचं बोलणं कुणाला समजण्यासारखं राहिलं नाही. म्हणून दुर्गाबाईनं तिचं त्या वेळचं बोलणं लक्षात ठेवलं होतं.

लालमियाँनं भाकरीचा तुकडा वरणात बुडवला, तोंडात घातला आणि तो तसाच थांबला. घास गालातच राहिला. शहाजादी त्याच्याकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "वरून मीठ घ्या. गौहरचा हात मिठाला भितो."